वेबसाइट काढायचीय, पण बाबा म्हणतात जाहिरात नको

सोलापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावातून एका डॉक्टर वाचक भगिनीचं पत्र आलं आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलून त्याचा गोषवारा देते.

त्या त्वचारोगतज्ज्ञ आहेत, एमडी. त्यांचे वडील त्याच गावात ४० वर्षं जनरल प्रॅक्टिस करणारे एमबीबीएस डॉक्टर. दवाखाना एकच, सकाळी बाबा बसतात आणि संध्याकाळी लेक. गावात अलीकडे एक चकचकीत स्किन क्लिनिक उघडलं आणि त्याच्या जाहिराती सगळ्यांच्या मोबाइलवर दिसू लागल्या. तेव्हा यांनीही एका वेबसाइट करणाऱ्याला काम दिलं. त्याच्या नमुन्यात 'जिल्ह्यातील नं. १ स्किन क्लिनिक', उपचाराआधीचे-नंतरचे फोटो, पेशंटचे कौतुकाचे व्हिडिओ, दोघांचे मोठाले फोटो आणि अपॉइंटमेंटचा लांबलचक फॉर्म आहे. पॅकेजमध्ये '५० फाइव्ह स्टार रिव्ह्यू' फुकट. बाबांनी तो पाहिला, चष्मा काढून ठेवला आणि म्हणाले, "डॉक्टर दुकान मांडत नाही. माझं नाव यावर नको." तेव्हापासून घरात अबोला आहे. भगिनी विचारतात: वेबसाइट काढणं खरंच नियमाविरुद्ध आहे का? मग बाकीचे सर्रास करतात ते कसं चालतं? आणि बाबांना कसं समजावू?

डॉक्टर,

'बाबांना कसं समजावू' हा प्रश्न तुम्ही शेवटी विचारलात, पण पत्रभर तोच आहे. तुम्ही जोडलेला नमुना मी पाहिला आणि आधी मनात आलं ते हे, की समजवायचं नक्की कोणाला ते अजून ठरायचं आहे. कारण तुमच्या बाबांचं निम्मं बरोबर आहे, आणि ते निम्मं नियमांत जवळजवळ त्यांच्याच भाषेत लिहिलेलं आहे.

ॲलोपॅथीच्या डॉक्टरांना भारतीय वैद्यक परिषदेचे २००२ सालचे आचारसंहितेचे नियम आजही लागू आहेत. मधे २ ऑगस्ट २०२३ रोजी, त्या परिषदेच्या जागी आलेल्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं नवे नियम आणले होते, त्यात समाजमाध्यमांवर वेगळ्या सूचनाही होत्या. पण २३ ऑगस्टलाच ते स्थगित झाले आणि गाडी पुन्हा २००२वर येऊन थांबली. या नियमांप्रमाणे डॉक्टरनं प्रत्यक्ष किंवा आडून रुग्ण ओढायचे नाहीत, स्वतःच्या कौशल्याकडे, पदव्यांकडे, मानसन्मानांकडे लक्ष वेधणारी प्रसिद्धी कोणत्याही माध्यमातून करायची नाही, आणि बऱ्या केलेल्या केसेसची, ऑपरेशनांची फुशारकी मारायची नाही. हे नियम झाले तेव्हा गावोगावी इंटरनेट नव्हतं, पण 'कोणत्याही माध्यमातून' म्हटल्यावर तुमची वेबसाइट त्यात आलीच.

त्याच नियमांत दवाखान्याच्या पाटीबद्दलही एक कलम आहे आणि मला ते फार आवडतं. पाटी अवाजवी मोठी नसावी. तिच्यावर डॉक्टरचं नाव, विद्यापीठाची किंवा अधिकृत संस्थेची पदवी, किताब, विशेषज्ञता, नोंदणी क्रमांक आणि कोणत्या परिषदेकडे नोंदणी आहे ते असावं, याउपर काही नाही. पाटीवर किंवा लेटरहेडवर स्वतःचा फोटो छापणं ही आत्मप्रसिद्धी मानली आहे. तुमच्या बाबांची बाहेरची पाटी, मी न पाहताही सांगते, अगदी अशीच असणार.

आता त्यांचं चुकलेलं निम्मं. वेबसाइट म्हणजे जाहिरातच, असं ते धरून चालले आहेत. पण डॉक्टर, गंमत अशी की तुम्हीही तेच धरून चालला आहात. दोघांचं भांडण जाहिरात करावी की करू नये यावर चाललं आहे, आणि वेबसाइट मुळात जाहिरात नसली तरी चालेल हा विचार कोणीच केलेला नाही. वेबसाइटलाच बंदी असती, तर २५ मार्च २०२० रोजी, लॉकडाउनच्या पहिल्याच दिवशी आलेल्या टेलिमेडिसिनच्या (म्हणजे फोन-व्हिडिओवरून तपासण्याच्या) मार्गदर्शक सूचनांत, डॉक्टरनं आपला नोंदणी क्रमांक चिठ्ठी, पावती, व्हॉट्सॲप आणि वेबसाइटवर दाखवावा असं लिहिलं नसतं. त्या सूचना आता २००२च्या नियमांचाच भाग आहेत. हे एवढं वाक्य बाबांना जरूर दाखवा.

मग वेबसाइट कोणासाठी? गेल्या पावसाळ्यात माझ्या आईच्या अंगावर रात्री पित्त उठलं. सकाळी कुठे न्यावं म्हणून मी एका त्वचारोगतज्ज्ञांची वेबसाइट उघडली. नाव आधीच ऐकलेलं होतं, शेजारणीनं सांगितलेलं. उघडताच एका गोऱ्या परदेशी डॉक्टरीणबाई हसताना दिसल्या. मग 'आमचं व्हिजन'. मग सरकणारे फोटो. डॉक्टर कधी बसतात ते कुठेही नाही. शेवटी तळाशी एक मोबाइल नंबर सापडला, लावला, तर पलीकडचा मुलगा म्हणाला, "मॅडम, मी फक्त वेबसाइट बनवतो." आम्ही रिक्षा करून गेलो, तर दवाखाना बुधवारी बंद.

तुमच्या गावात त्वचारोगतज्ज्ञ किती असतील? एक-दोन. आसपासच्या खेड्यांतली माणसं तुमचं नाव वेबसाइटवरून ऐकणार नाहीत, भावकीत, एसटीत, मेडिकलवाल्याकडून ऐकतील. नाव ऐकलेला माणूस मोबाइल उघडतो तो तीन-चार गोष्टींसाठी: आज आहेत का, कधी येऊ, स्टँडवरून कसं यायचं, पैसे किती लागतील. एक काम करा. तुमच्या कंपाउंडरला एक वही द्या आणि आठवडाभर फोनवर लोक काय काय विचारतात ते जसंच्या तसं लिहून ठेवायला सांगा. 'मॅडम बाजाराच्या दिवशी असतात का', 'केस पेपर जुना चालतो का', 'लहान पोरांचं बघता का', 'लेझर तुमच्याकडे होतं का सोलापूरला पाठवता'. ती वही म्हणजे तुमच्या वेबसाइटचा मजकूर. वेबसाइटवाल्यानं लिहिलेल्या 'सौंदर्याचा नवा अध्याय' वगैरेपेक्षा ती हजारपट कामाची आहे आणि तिच्यातलं जवळजवळ काहीच आचारसंहितेला खुपत नाही. फी जाहीर करायला तर २००२च्या नियमांत स्पष्ट मुभा आहे. नवी प्रॅक्टिस सुरू केल्याची, पत्ता बदलल्याची, काही दिवस दवाखाना बंद असल्याची सूचना द्यायलाही आहे. तुम्ही फी लिहायला संकोचता असं पत्रात म्हटलं आहे. लिहा. पेशंटला दारात संकोचायला लावण्यापेक्षा ते बरं.

आता त्या नमुन्याकडे येऊ. 'नं. १' आणि '१०० टक्के खात्री' ही वाक्यं गेली, यावर वाद नको. त्याखालची ओळ, 'पांढरे डाग कायमचे घालवा', मात्र नुसती बढाई नाही. १९५४चा औषधं आणि जादूटोण्याचे उपाय यांच्या आक्षेपार्ह जाहिरातींबाबतचा कायदा आहे. त्याच्या परिशिष्टात ५४ आजारांची यादी आहे, आणि त्या आजारांवर अमुक औषधानं गुण येतो अशी जाहिरात करता येत नाही. मधुमेह, कर्करोग, काचबिंदू यांच्याबरोबर त्या यादीत कोड आहे, कुष्ठरोग आहे आणि गुप्तरोगही आहेत. म्हणजे त्वचारोगतज्ज्ञाच्या रोजच्या कामातलं बरंच काही. 'कोडावर उपचार केले जातात' असं सांगणं वेगळं आणि 'घालवून देतो' म्हणणं वेगळं. तुम्हाला हा फरक शिकवायची गरज नाही, तुम्ही कोडाच्या पेशंटसमोर रोज तो पाळत असाल. वेबसाइटवाल्याला तो ठाऊक नाही, इतकंच.

आधीच्या-नंतरच्या फोटोंबद्दल तुम्ही लिहिता, "सगळ्या पेशंटची लेखी परवानगी घेतली आहे." घेतलीत ते उत्तम, पण त्यानं एकच प्रश्न सुटतो. ओळख पटेल असा रुग्णाचा फोटो परवानगीशिवाय छापू नये, हा एक नियम. केसेसची फुशारकी मारू नये, हा दुसरा. पहिला रुग्णाच्या खासगीपणासाठी आहे आणि त्याची परवानगी तिथे चालते. दुसरा डॉक्टरच्या वागण्याबद्दल आहे, तो पेशंटच्या सहीनं माफ होत नाही. कौतुकाच्या व्हिडिओंचंही तेच. आणि कायदा बाजूला ठेवून विचारते, तालुक्याच्या गावात एका मुलीचा मुरुमांनी भरलेला चेहरा, सहीनिशी का होईना, कायमचा इंटरनेटवर राहावा का? लग्नाच्या वेळी तिनं तो काढा म्हणून फोन केला तर तुम्ही काढाल. दुसऱ्यांनी उतरवून घेतलेला कोण काढणार?

फुकटचे ५० रिव्ह्यू नकोत. ते कोणी लिहिणार, तर वेबसाइटवाल्याच्या ऑफिसातली पोरं. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यात दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला पहिल्या वेळी दहा लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. आणि गावात माणसं माणसांना ओळखतात, 'राहुल एस., पुणे' कोण हे विचारलंच जाईल. रिव्ह्यूंवरून एक सांगते, हे सगळ्याच डॉक्टर वाचकांसाठी. गूगलच्या नकाशावर कोणी वाईट रिव्ह्यू लिहिला की आपला हात शिवशिवतो. 'तुम्ही दोनदाच आलात, मलम वेळेवर लावलं नाहीत' असं उत्तर लिहिलं, की तो माणूस तुमचा पेशंट होता आणि त्याला काय झालं होतं हे तुम्ही गावाला सांगून बसलात. त्यानं स्वतः लिहिलं म्हणून तुमच्यावरचं गुपिताचं बंधन सुटत नाही. 'दवाखान्याच्या नंबरवर फोन करा, बोलू' यापुढे काही लिहू नका.

आणि नमुन्यातली सगळ्यात धोक्याची ओळ तुमच्याही नजरेतून सुटली आहे, बाबांच्याही. 'आमचे स्किन स्पेशालिस्ट्स' या मथळ्याखाली तुम्हा दोघांचे फोटो आहेत. बाबा एमबीबीएस आहेत. त्या शाखेची वेगळी पात्रता नसताना विशेषज्ञ म्हणवून घेणं हा आचारसंहितेचा भंग आहे, आणि चाळीस वर्षं स्वच्छ प्रॅक्टिस केलेल्या माणसाच्या नावावर तो एका डिझाइनरच्या हौसेपायी लागला असता. 'माझं नाव यावर नको' हे त्यांनी वेगळ्या कारणानं म्हटलं असेल, पण नशीब की म्हटलं. दोघांची नावं वेगवेगळी लिहा, ज्याची पदवी त्याच्या नावापुढे, महाराष्ट्र वैद्यक परिषदेचा नोंदणी क्रमांक प्रत्येकाचा प्रत्येकाखाली. फोटोंबद्दल मतभेद होऊ शकतो, नियमात पाटी आणि लेटरहेडचा उल्लेख आहे, वेबसाइटचा नाही. मी मात्र तुमच्या जागी असते तर दवाखान्याच्या दाराचा फोटो लावला असता. नव्या माणसाला दार ओळखता येणं जास्त उपयोगाचं.

अपॉइंटमेंटचा फॉर्म. त्यात नाव, वय, पत्ता, तक्रार, 'बाधित भागाचा फोटो' आणि एक उघडणारी यादी आहे, तिच्यात मुरूम, केसगळती, कोड, गुप्तरोग, कुष्ठरोग. मी वेबसाइटवाल्याला फोन करून विचारलं (तुमचं नाव न सांगता), की असे फॉर्म भरल्यावर जातात कुठे. तो म्हणाला, आमच्या जीमेलवर, आम्ही क्लायंटला फॉरवर्ड करतो. म्हणजे अमक्या वाडीतल्या अमक्याला गुप्तरोगाची शंका आहे हे तुमच्या आधी सोलापुरातल्या एका ऑफिसला कळणार.

आरोग्याची माहिती ही संवेदनशील माहिती असं २०११चे माहिती तंत्रज्ञानाचे नियम सांगतात, आणि ते एकट्या डॉक्टरच्या दवाखान्यालाही लागू होतात. वेबसाइटवर गोपनीयतेचं धोरण हवं, आणि तक्रार ऐकणाऱ्या माणसाचं नाव व संपर्क हवा. तुमच्याकडे तो माणूस तुम्हीच. पुढचा कायदा २०२३चा, डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५मध्ये आले आणि मुख्य जबाबदाऱ्या १८ महिन्यांनी, म्हणजे मे २०२७पासून लागू होतील. माहिती नीट सांभाळली नाही तर त्यात दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी आहे. तो आकडा तुमच्यासाठी लिहिलेला नाही हे खरं, पण कायदा तुमच्यासाठीही आहे. त्यातली एक गोष्ट चांगली आहे: माहिती कशासाठी घेतो ही सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या कोणत्याही भाषेत वाचायची सोय माणसाला द्यायची आहे. म्हणजे मराठीतही. तेव्हा कुठूनतरी उचललेलं अमेरिकी कायद्याचं इंग्रजी धोरण चिकटवू नका, नमुन्याच्या तळाशी सध्या तेच आहे. साध्या मराठीत दहा ओळी लिहा.

त्याहून सोपा उपाय म्हणजे मागूच नका. नाव, मोबाइल नंबर, कोणत्या दिवशी यायचंय. बस. तक्रार दवाखान्यात, बंद दाराआड विचारायची. जी माहिती घेतलीच नाही ती फुटत नाही. फोटो पाठवून सल्ला द्यायचा असेल तर ती टेलिमेडिसिनची वेगळी वाट आहे. पहिल्या भेटीत व्हिडिओवर पाहिल्याशिवाय कोणती औषधं लिहायची नाहीत, याच्या याद्या त्या सूचनांत ठरवून दिलेल्या आहेत. ती वाट वेबसाइटवरच्या एका बटणानं सुरू करू नका. आणि पहिल्याच पानावर एक ओळ असू द्या: श्वास लागत असेल, तोंड-ओठ सुजले असतील तर इथे संदेश पाठवत बसू नका, १०८ला फोन करा.

वेबसाइटचं डोमेन, म्हणजे तिचा इंटरनेटवरचा पत्ता, कोणाच्या नावावर आहे हे पत्रात नाही. बहुधा वेबसाइटवाल्याच्या. हा घोळ मी इतक्या दवाखान्यांत, दुकानांत, शाळांत पाहिला आहे की आता राग येत नाही, थकवा येतो. वर्षाला हजार रुपयांच्या आतबाहेर पडणारी ती गोष्ट स्वतःच्या नावावर, स्वतःच्या ईमेलवर घ्या, ओटीपी तुमच्या मोबाइलवर येऊ द्या. होस्टिंगचे, म्हणजे वेबसाइट जिथे ठेवलेली असते त्या जागेचे, पासवर्ड लेखी घ्या. आणि करारात एक वाक्य घाला, की मजकूर, फोटो आणि डिझाइनचे हक्क दवाखान्याकडे दिले आहेत. तुम्ही पैसे दिले म्हणजे हक्क आपोआप तुमचे होत नाहीत, बाहेरच्या माणसाकडून काम करून घेतलं तर कॉपीराइट सहसा त्याच्याकडेच राहतो आणि हक्क देणं लेखीच लागतं. गोऱ्या डॉक्टरीणबाईंचा फोटोही कोणाच्या तरी मालकीचा असतो, हे त्याला विचारा.

आणखी एक, बारीक पण महत्त्वाचं. नमुन्यातला मराठी मजकूर फ्लेक्सवाल्याकडच्या श्रीलिपीत (जुन्या पद्धतीच्या मराठी फॉन्टात) टाइप करून चित्र म्हणून चिकटवलेला दिसतो. तो शोधात सापडत नाही, मोबाइलवर मोठा होत नाही, कमी दिसणाऱ्याला मोबाइल तो वाचूनही दाखवू शकत नाही. सगळं युनिकोडमध्ये, म्हणजे कोणत्याही मोबाइलवर वाचता येणाऱ्या अक्षरांत, मराठीत आधी, अक्षर मोठं. खेड्यात रेंज जेमतेम असते, तेव्हा सरकणारे फोटो काढले की पान लवकर उघडेल.

तुम्हाला खरंच काही करून दाखवायचं असेल तर लिहा. सार्वजनिक आरोग्यावर स्वतःच्या नावानं लिहायला, बोलायला आचारसंहितेची आडकाठी नाही, फक्त त्या लेखणीनं पेशंट ओढू नयेत. नायट्यावर मेडिकलमधून आणलेलं स्टेरॉइडमिश्रित मलम महिनोन्‌महिने चोळणारी माणसं तुमच्याकडे रोज येत असतील. खाज दोन दिवसांत थांबते, नायटा पसरतो, कातडी पातळ होते, आणि मग साध्या औषधांना तो दाद देत नाही. गोरं करणारं क्रीम म्हणून तेच स्टेरॉइड चेहऱ्याला लावणाऱ्या मुलीही असतील. २०१८मध्ये अशी कित्येक मलमं डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकायला मनाई झाली, तरी ती मिळतात. मलमाच्या नळीवर कोणती नावं दिसली तर सावध व्हायचं, घरातल्या सगळ्यांचे टॉवेल वेगळे का ठेवायचे, हे तुमच्या बोलीत दोन पानांत लिहा. कंपनीचं नाव नको, 'आमच्याकडे या' नको.

'बाकीचे सर्रास करतात' याचं उत्तर दोन तुकड्यांत आहे. मोठी हॉस्पिटलं करतात, कारण परिषदेचे नियम नोंदणीकृत डॉक्टरला बांधतात, आणि हॉस्पिटल हे डॉक्टर नव्हे. हा न्याय मला पटत नाही, पण आज तसं आहे. आणि समोरचं क्लिनिक करतं, कारण अजून कोणी परिषदेकडे तक्रार केलेली नाही. तुमची तक्रार कोण करेल याचा अंदाज तुम्हाला माझ्याहून चांगला असेल.

इतर वाचक डॉक्टरांसाठी दोन ओळी. खाटा असतील तर महाराष्ट्र शुश्रूषागृह नोंदणी कायद्याखालचा नोंदणी क्रमांक, दर आणि रुग्णहक्कांची सनद भिंतीवर आहेच, ती वेबसाइटवरही घाला. स्त्रीरोग किंवा सोनोग्राफी असेल तर गर्भलिंगाशी दूरान्वयेही जोडता येईल असा शब्द कुठेही नको, इंटरनेटवरच्या जाहिरातीचा उल्लेख गर्भलिंगनिदान बंदीच्या कायद्यात नावानिशी आहे. आयुर्वेद, होमिओपॅथी, दंतवैद्यक यांच्या आपापल्या परिषदांचे आपापले नियम आहेत, ते वाचा.

बाबांबद्दल आता. त्यांना नवा मसुदा मोबाइलवर दाखवू नका. मोठ्या अक्षरांत कागदावर छापा, सकाळची ओपीडी संपली की चहाबरोबर टेबलावर ठेवा आणि शेजारी त्यांचा लाल पेन ठेवा. पहिल्या ओळीत त्यांचं नाव, पदवी, नोंदणी क्रमांक आणि 'सकाळी ९ ते १' असू द्या. ते खुणा करतील. दोन-तीन सोडून बाकीच्या सगळ्या मान्य करा, आणि त्या दोन-तीनांवर भांडा.